ब्रेक दाबला की सिग्नल गोठतो : मोटरहोममागे ओढलेल्या गाडीच्या दिव्यांचं एक प्रकरण

डेन्व्हरहून आय-७० रस्त्याने पश्चिमेकडे निघालं की तासाभराने आयझेनहॉवर बोगदा लागतो, समुद्रसपाटीपासून अकरा हजार फुटांवर. बोगद्यातून बाहेर पडलं की थेट सिल्व्हरथॉर्नपर्यंत सहा-सात टक्क्यांचा उतार. ब्रेक गेलेले ट्रक घुसवायला रस्त्याच्या कडेला खडीचे चढ करून ठेवलेत, यावरून उताराची कल्पना येईल.

गेल्या जूनमध्ये या उतारावर माझी ताई आणि दाजी त्यांच्या मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, पुढे होते आणि मी बायको-मुलांना घेऊन मागे. त्यांचं मोटरहोम ३२ फुटी, फोर्डच्या एफ-५३ चासीवरचं. त्याच्या मागे टो बारला (ओढायच्या दांड्याला) जोडलेली २०१४ ची होंडा सीआर-व्ही, चारही चाकं रस्त्यावर. अशा ओढलेल्या गाडीला इकडची मोटरहोमवाली मंडळी ‘टोड’ म्हणतात. मुक्कामाला मोटरहोम लावून ठेवायचं आणि भाजी आणायला, फिरायला ही छोटी गाडी वापरायची. सीआर-व्हीचं २०१४ चंच मॉडेल दाजींनी मुद्दाम शोधून घेतलं होतं. २०१५ पासून त्या गाडीत सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि चार चाकांवर ओढायची कंपनीची परवानगी संपली.

आम्हाला २०५ नंबरच्या एक्झिटने उतरायचं होतं. दाजींनी दोन मैल आधीपासून उजवा सिग्नल दिला होता, तो मला दिसला होता. सीआर-व्हीचा उजवा लाल दिवा लुकलुकत होता. मग उतार तीव्र झाला, दाजींनी ब्रेक दाबला आणि ते लुकलुकणं थांबलं. दोन्ही दिवे लालभडक, स्थिर. ब्रेक सोडला की पुन्हा लुकलुक, दाबला की पुन्हा स्थिर. एक्झिटच्या तोंडाशी सगळ्यात जोरात ब्रेक लागतो, आणि नेमक्या त्या दहा-बारा सेकंदांत मागच्या माणसाला गाडी वळणार आहे हे कळत नव्हतं. मोटरहोमचा स्वतःचा सिग्नल सीआर-व्हीच्या बाजूने दिसत होता, पण नजर जवळच्या दिव्यावर जाते, लांबच्या नाही.

डिलन जलाशयाजवळच्या कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर मी विचारलं, “दाजी, शेवटी सिग्नल बंद केला होता का?”

“अरे, बंद कशाला करीन? टिकटिक चालू होती की आतमध्ये,” दाजी म्हणाले. त्यांना ते थोडं लागलं, कारण गाडी चालवण्यात त्यांच्यासारखा शिस्तीचा माणूस मी पाहिलेला नाही. ताई म्हणाली, “मी ऐकत होते ना, टिकटिक चालूच होती.”

म्हणजे पुढे सिग्नल चालू होता आणि मागे पोचत नव्हता. माझं रोजचं काम कारखान्यातल्या कंट्रोल पॅनेलचं, रिले (विजेने चालणारे स्विच) आणि वायरिंगचं. दुपारी पाऊस येऊन गेला आणि मी मल्टिमीटर काढला.

एकच दिवा, दोन मालक

आपल्याकडे मागचा इंडिकेटर पिवळाच असतो, ब्रेक लाल, आणि दोघांचे बल्ब वेगळे. अमेरिकेत तसं बंधन नाही. इथल्या १०८ नंबरच्या संघीय वाहन सुरक्षा मानकात मागचा इंडिकेटर लाल किंवा पिवळा, दोन्ही चालतात. त्यामुळे बऱ्याच अमेरिकन गाड्यांत आणि ट्रेलरच्या जवळजवळ सगळ्या जोडण्यांत ब्रेक आणि इंडिकेटर लाल दिव्याच्या एकाच फिलामेंटवर, म्हणजे बल्बमधल्या उजळणाऱ्या तारेवर, असतात. ट्रेलरची साधी जोडणी चार तारांची. पांढरी म्हणजे अर्थ, करंट परत नेणारी, तपकिरी टेल लाइटची, पिवळी डाव्या बाजूच्या ब्रेक-सिग्नलची, हिरवी उजव्या बाजूच्या. ब्रेक दाबला की पिवळ्या-हिरव्या दोन्हींत सलग करंट. डावीकडे वळताना ब्रेक दाबला तर पिवळीत तुटक करंट, हिरवीत सलग.

सीआर-व्हीत मात्र आपल्यासारखंच आहे : लाल ब्रेक वेगळा, पिवळा इंडिकेटर वेगळा. ज्या दुकानात दाजींनी वायरिंग करून घेतलं, तिथे नेहमीची पद्धत वापरली होती. पिवळा बल्ब सोडून दिला. मोटरहोमची पिवळी आणि हिरवी तार सीआर-व्हीच्या डाव्या-उजव्या ब्रेक फिलामेंटला आणि तपकिरी तार टेल फिलामेंटला, सगळं डायोडमधून.

डायोड का, ते सांगतो. टेल लाइटच्या मागे बल्बला जाणारी गाडीची मूळ तार कापतात. एका डायोड-जोडीत दोन तोंडं आत येणारी, एक बाहेर जाणारं. एका तोंडाला गाडीची मूळ तार, दुसऱ्याला मोटरहोमची, बाहेर बल्ब. करंट बल्बकडे जाऊ शकतो, उलटा येऊ शकत नाही. डायोड नसेल तर मोटरहोमचा सिग्नल सीआर-व्हीच्या ब्रेक स्विचच्या वायरिंगमधून फिरून दुसऱ्या बाजूचा दिवाही पेटवील, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला ब्रेक दाबल्याचा भास होईल. डायोड हे सगळं अडवतो आणि उत्तम अडवतो. पण दोन मालकांपैकी कोणाचं ऐकायचं, हे तो ठरवत नाही. दोघांपैकी एकाने जरी करंट दिला तरी बल्ब पेटतो. डिजिटलच्या भाषेत तो साधा ऑर गेट आहे.

इथपर्यंत आल्यावर मी सीआर-व्हीचं ड्रायव्हरचं दार उघडलं आणि उत्तर समोर होतं. पेडलांच्या पुढे, सीटला टेकवून ठेवलेला सहायक ब्रेकचा डबा. दीड टनाची गाडी मागे लोंबत असताना फक्त मोटरहोमच्या ब्रेकवर अवलंबून राहणं बरोबर नाही, म्हणून दाजींनी तो वायरिंगनंतर महिनाभराने घेतला होता. वेग कमी होतोय हे डब्याला कळतं आणि त्याचा लोखंडी हात सीआर-व्हीचं ब्रेक पेडल दाबतो. पेडल दाबलं की सीआर-व्हीचा स्वतःचा ब्रेक स्विच लागतो. गाडीच्या बाजूच्या तोंडातून दोन्ही ब्रेक फिलामेंटना सलग बारा व्होल्ट. आता मोटरहोम हिरव्या तारेतून कितीही तुटक करंट पाठवो, फिलामेंट आधीच पेटलेलं आहे. लुकलुकायला विझावं लागतं, आणि ते विझतच नाही.

दुकानदाराचं वायरिंग त्याच्या जागी बरोबर होतं. डबाही त्याच्या जागी बरोबर होता. दोन्ही एकत्र चालू असताना गाडीच्या मागे उभं राहून कोणी पाहिलं नव्हतं.

अर्थचा स्क्रू

मूळ प्रश्न सुटायच्या आधी आणखी एक गोष्ट हाती लागली, आणि ती मात्र दुकानाचीच चूक होती. संध्याकाळी टेल लाइट लावून ब्रेक दाबायला सांगितला, तर सीआर-व्हीचे दिवे मोटरहोमच्या दिव्यांच्या मानाने मलूल. टो बार हाताने हलवला की किंचित उजळायचे.

टो बार हलल्यावर उजेड बदलतो म्हणजे करंट परत यायला टो बारच्या पिनांमधून वाट शोधतोय, पांढरी तार आपलं काम करत नाहीये. मीटरचं एक टोक सीआर-व्हीच्या मागच्या बॉडीला, दुसरं मोटरहोमच्या चासीला लावलं. तिथे शून्याच्या जवळपास काहीतरी दिसायला हवं. दिसले १.८ व्होल्ट. दोन ब्रेक फिलामेंट २१ वॅटचे आणि दोन टेल फिलामेंट ५ वॅटचे, म्हणजे साधारण चार-सव्वाचार अँपिअर. एवढ्या करंटला १.८ व्होल्ट खाणारी वाट म्हणजे ०.४ ओहमच्या वर, आणि हे पांढऱ्या तारेत.

सीआर-व्हीच्या पुढच्या बंपरखाली, मोटरहोमची केबल लागते त्या सॉकेटमागे हात घातला. पांढऱ्या तारेचा लग (टोकाची धातूची कडी) एका पत्र्याच्या स्क्रूने थेट रंगावर आवळलेला. स्क्रूच्या आट्यांना जेवढा लोखंडाचा स्पर्श मिळाला होता, तेवढ्यावर सगळं चाललं होतं, आणि आट्यांवर दोन हिवाळ्यांच्या मिठाचा तांबूस गंज. कोलोरॅडोत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ आणि मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात. उघड्या अर्थच्या जोडाला ते दोन वर्षंही टिकू देत नाही.

हा व्होल्टेजचा घोळ किती महागात पडतो ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घाताने पडतो. बॅटरी १२.६ व्होल्ट धरली तर डायोडमध्ये ०.७ गेले, राहिले ११.९. एवढ्यानेच उजेड जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी. ते चालून जातं. पण वर अर्थमध्ये १.८ गेले की राहतात १०.१, आणि उजेड निम्म्याच्याही खाली. भर उन्हात असा ब्रेक लाइट लागलाय की नाही, मागच्याला कळत नाही.

लग काढला, सॅण्डपेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दात असलेला वॉशर घालून नटबोल्टने आवळला आणि वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस थापलं. पांढरी तार मागच्या टेल लाइटपर्यंतही एक सबंध ओढली, बॉडीवर भरवसा ठेवला नाही. मीटर ०.१५ व्होल्टवर आला. दाजी मागे उभे होते, म्हणाले, “आता दिवा दिव्यासारखा दिसतोय.”

ऊस हंगामात सांगलीकडच्या रस्त्यांवर ज्याने रात्रीची मोटरसायकल चालवली आहे त्याला मागच्या दिव्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. दोन-दोन ट्रॉल्या, मागे एकही दिवा नाही, आणि बैलगाडीच्या वेगाने चाललेला उसाचा डोंगर अंधारात एकदम समोर येतो. कारखाने पुढे रिफ्लेक्टर लावायला लागले. त्याआधीच्या एका डिसेंबरात माझा चुलतभाऊ अशा ट्रॉलीवर आदळला होता. वाचला, पण त्याचा डावा पाय अजून नीट दुमडत नाही. त्यामुळे दाजी जेव्हा म्हणाले, “सिग्नलचं बघू रे घरी गेल्यावर, इथे सुट्टीला आलायस,” तेव्हा मी ऐकलं नाही.

काय करता येईल

सिग्नल गोठण्यावर चार मार्ग आहेत.

सगळ्यात सोपा म्हणजे चुंबकाने चिकटणारे सुटे दिवे. गाडीच्या मागे लावायचे, वायर छपरावरून पुढे न्यायची, गाडीच्या वायरिंगला हात लावायचा नाही. एकदाच गाडी ओढायची असेल तर हेच करावं. वर्षातून आठ-दहा फेऱ्या करणाऱ्याला रोज लावणं-काढणं आलं, रंगावर ओरखडे आले, आणि एखाद्या दिवशी विसरणं आलं.

दुसरा मार्ग टेल लाइटच्या घरात भोक पाडून वेगळा बल्ब बसवायचा. बरेच लोक हा सर्वात शुद्ध मार्ग मानतात, कारण मोटरहोमचं आणि गाडीचं वायरिंग कुठेच भेटत नाही. पण आमच्या प्रकरणात त्याने अर्धंच काम झालं असतं. नवा बल्ब लुकलुकला असता, पण त्याच लाल काचेत गाडीचा ब्रेक बल्ब शेजारी स्थिर जळतच राहिला असता.

तिसरा मार्ग दाजींना आवडला होता : मोटरहोमचा एकत्र सिग्नल इलेक्ट्रॉनिक डब्याने फोडून सीआर-व्हीच्या पिवळ्या इंडिकेटरला द्यायचा. आपल्या डोळ्याला सवयीचा रंग, आणि पेडलचा त्याच्याशी संबंध नाही. पण दोन्ही तारांवर एकदम करंट आला की तो ब्रेक समजायचा, एवढंच अशा डब्याला कळू शकतं. चारही इंडिकेटर एकदम (हॅझर्ड) लावले की त्याच्या लेखी तोही ब्रेकच. शिवाय तो डबा रस्त्यात बिघडला तर उघडून दुरुस्त करता येत नाही.

मी चौथा निवडला. मोटरहोमला जोडलेली असताना सीआर-व्हीच्या स्वतःच्या ब्रेक स्विचला बाजूच्या दोन दिव्यांपासून तोडायचं. डबा पेडल दाबेल, ब्रेक लागतील, मागच्या काचेवरचा तिसरा ब्रेक लाइट पेटेल. तो तसाच ठेवला, कारण सीआर-व्हीचे ब्रेक खरोखर लागलेत हे सांगणारा तो एकच प्रामाणिक दिवा. बाजूचे दोन दिवे फक्त मोटरहोमचं ऐकतील.

सिल्व्हरथॉर्नच्या पार्ट्सच्या दुकानातून पाच पिनांचे दोन साधे रिले आणले. डाव्या-उजव्या टेल लाइटमागे, आतल्या प्लास्टिकच्या पॅनेलखाली एकेक. गाडीची ब्रेकची तार डायोडच्या तोंडात जायच्या आधी रिलेच्या ३० आणि ८७ए या पिनांमधून नेली. या दोन पिना रिलेला करंट नसताना एकमेकींना जोडलेल्या असतात. ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल. कॉइलला मोटरहोमकडून बारा व्होल्ट मिळाले की जोड सुटतो. केबल काढली की कॉइल मेली, जोड परत आला, गाडी पूर्ववत.

उलटं करायचा मोह होतो, म्हणजे करंट असताना जोडणारा रिले. तो करू नये. टो बार तुटून गाडी सुटली तर ब्रेकअवेची दोरी ओढली जाते आणि डबा पेडल पूर्ण दाबतो. त्याच क्षणी केबलही तुटलेली असते. ८७ए वापरला तर नेमक्या त्या क्षणी सीआर-व्हीचे ब्रेक लाइट आपोआप परत येतात. रस्त्याच्या मध्ये एकटी थांबलेली गाडी अंधारी राहत नाही.

माझ्याकडून झालेली चूक

कॉइलला करंट कुठून घ्यायचा, इथे मी चुकलो. मोटरहोमकडून सीआर-व्हीच्या बॅटरीला चार्ज करणारी एक तार आधीपासून होती. ओढताना सीआर-व्हीची किल्ली ॲक्सेसरीवर ठेवावी लागते, नाहीतर स्टेअरिंग लॉक होतं. ब्रेकचा डबाही सिगारेट-लायटरच्या सॉकेटमधून करंट घेतो, म्हणजे दिवसभरात बॅटरी उतरते. म्हणून ही तार, मध्ये फ्यूज आणि डायोड. बॅटरीजवळच्या फ्यूजपाशी हात सहज पोचत होता, तिथूनच मी कॉइलची तार घेतली.

केबल जोडून सगळं तपासलं. उजवा सिग्नल, पेडल दाबलेलं, उजवा दिवा लुकलुकतोय. दाजींनी टाळी वाजवली. मग केबल काढली, ताईला सीआर-व्हीत बसवून ब्रेक दाबायला सांगितला. वरचा तिसरा दिवा लागला. बाजूचे दोन्ही अंधारे.

फ्यूज डायोडच्या पलीकडे, बॅटरीच्या बाजूला होता. केबल काढली तरी कॉइलला सीआर-व्हीची स्वतःची बॅटरी करंट देत होती. रिले कायमचा ओढलेला, जोड कायमचा सुटलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दूध आणायला डिलनला जाणार होती, ती ब्रेकच्या बाजूच्या दिव्यांविनाच गेली असती. दोन कॉइलचे मिळून ०.३ अँपिअर धरले तरी दिवसाला सात अँपिअर-तास, बॅटरी आठवड्याच्या आत झोपली असती.

तार तिथून काढून डायोडच्या अलीकडे, सॉकेटच्या पिनलाच जोडली, वेगळा छोटा फ्यूज घातला. काम वीस मिनिटांचं. केबल काढली की दोन्ही रिलेंची ‘टक्’ आता मागून ऐकू येते.

बत्तीस जोड्या

त्यानंतर वहीच्या पानावर तक्ता केला. टेल लाइट चालू किंवा बंद. मोटरहोमचा ब्रेक दाबलेला किंवा सोडलेला. सिग्नल नाही, डावा, उजवा, की चारही. सीआर-व्हीचं पेडल दाबलेलं किंवा मोकळं. दोन गुणिले दोन गुणिले चार गुणिले दोन, बत्तीस. दुकानात बहुधा पाचच तपासल्या असतील : टेल, ब्रेक, डावा, उजवा, चारही. एकेका दिव्याची तपासणी म्हणून त्या पाच पुरतात, पण जुन्या वायरिंगची चूक लपली होती ती जोड्यांमध्ये. पेडल दाबलेलं असताना डावा-उजवा सिग्नल दाखवायच्या आठच्या आठ जोड्या नापास झाल्या असत्या.

मुलीने वही धरली, दाजी मोटरहोममध्ये, ताई सीआर-व्हीत पेडलवर, मी मागे वीस पावलांवर. “डावा, ब्रेक, पेडल,” मुलगी ओरडायची आणि मी हात वर करायचो. पंचवीस मिनिटं लागली. बत्तीसही बरोबर आल्या. एक शंका मध्ये आली : चारही दिवे चालू असताना मोटरहोमचा ब्रेक दाबला की मागे सगळं स्थिर होतं. पण ते मोटरहोमच्या स्वतःच्या दिव्यांतही होतं, एकाच फिलामेंटच्या त्या मूळ रचनेतच तसं आहे, आपल्या जोडणीचा त्यात दोष नाही. त्यानंतर केबल काढून सीआर-व्हीचे स्वतःचे दिवे, आणि शेवटी ब्रेकअवेची दोरी हाताने ओढून पाहिली. डबा घर्रर्र करत पेडलवर बसला आणि तिन्ही ब्रेक लाइट लागले.

ते पान ताईने मोटरहोमच्या दाराच्या आत चिकटवलंय. प्रत्येक वेळी बत्तीस करायची गरज नाही. निघताना पाच करायच्या, पण त्यात एक ‘सिग्नल अधिक पेडल’ आणि एक ‘केबल काढून पेडल’ असलीच पाहिजे, असं मी खाली लाल पेनाने लिहून दिलं.

सोमवारी परतताना बोगदा ओलांडला आणि पूर्वेकडच्या उतारावर मी पुन्हा त्यांच्या मागे राहिलो. जॉर्जटाऊनला चहासाठी थांबायचं ठरलं होतं. एक्झिटच्या आधी दाजींनी सिग्नल दिला, मग ब्रेक दाबला. काचेवरचा तिसरा दिवा पेटला आणि पेटलेला राहिला. डावा दिवा स्थिर लाल. उजवा विझला, लागला, विझला, लागला. गाडी रॅम्पवर वळेपर्यंत मी मोजत होतो, चौदा वेळा.